ऑफिसातला घमघमाट आणि अर्धशिशी: आधी हवा बघा, मग माणसांशी बोला

शेजारच्या खुर्चीवर कुणीतरी येऊन बसतं. परफ्युमचा एक भपकारा येतो आणि पाच-दहा मिनिटांत तो जाणवेनासा होतो. वाटतं, सुटलो. अर्ध्या तासाने भुवईच्या वर ठणका सुरू होतो. वास तर गेला होता, मग डोकं का धरलं? याचं उत्तर कळलं की ऑफिसात नेमकं काय बदलायचं तेही कळतं.

[स्क्रीनवर: नाकाच्या आतलं चित्र, दोन नसा दोन रंगांत]

नाकात दोन वेगळ्या नसा काम करतात. एक वास ओळखणारी. दुसरी ट्रायजेमिनल. मिरचीचा ठसका, कांद्याची चुरचुर, पेपरमिंटचा गारवा हे सगळं ही दुसरी कळवते. हिच्याच फांद्या कपाळात आणि मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतात, आणि मायग्रेनचं, म्हणजे अर्धशिशीचं, दुखणंही याच वाटेने येतं. कॅलिफोर्नियात एक झाड आहे, त्याला लोक 'हेडेक ट्री' म्हणतात. त्याच्या पानांतलं अंबेल्युलोन नावाचं रसायन या नसेच्या टोकांना चेतवतं आणि तिथून सीजीआरपी नावाचा पदार्थ सुटतो. मायग्रेनची नवी काही औषधं नेमकं या सीजीआरपीलाच अडवतात. तेव्हा 'वासाने कुठे डोकं दुखतं का' म्हणणाऱ्याला हे झाड दाखवायला हरकत नाही.

आता मुद्दा असा, की वास ओळखणारी नस लवकर सरावते. म्हणूनच ज्याने परफ्युम मारलाय त्याला स्वतःचा वास येत नाही. ट्रायजेमिनल तशी गप्प बसत नाही. थोडाच त्रास असला तरी तो जितका वेळ चालू राहील तितका वाढत जातो. त्यामुळे 'आता वास येत नाही' या भरवशावर बसून राहू नका. हिशेब दोनच गोष्टींचा ठेवा: हवेत किती आहे आणि तुम्ही त्यात किती मिनिटं आहात.

पण त्याआधी एक शंका तपासून घ्यायची. मायग्रेन डोकं दुखण्याच्या काही तास आधीपासून, कधी कधी दोन दिवस आधीपासून सुरू झालेला असतो. जांभया, मान आखडणं, चिडचिड, आणि वास नकोसे होणं ही त्या टप्प्याची लक्षणं. म्हणजे ज्या परफ्युमला तुम्ही दोष देताय तो रोजचाच असेल, आज तुम्हाला तो झोंबला कारण अटॅक आतून सुरू झालाय. हे ओळखायला चार आठवडे नोंद ठेवा: कुठला वास, किती वाजता, किती मिनिटं, दुखणं कधी सुरू झालं, आदल्या रात्रीची झोप, चुकलेलं जेवण, पाळीची तारीख, गोळीची वेळ. ज्या दिवशी तोच वास आला आणि डोकं दुखलं नाही, तो दिवस हमखास लिहा. बहुतेक लोक नेमका तोच गाळतात, आणि मग वहीत फक्त पुरावा साठतो, माहिती नाही.

[स्क्रीनवर: टिश्यूची पातळ पट्टी, एसीच्या जाळीसमोर धरलेली]

आता हवा. टिश्यूची बोटभर रुंद पट्टी फाडा आणि एसी चालू असताना तुमच्या डेस्कच्या चारही बाजूंना धरून बघा, ती कुठे झुकते. छतातल्या काही जाळ्या हवा सोडतात, काही हवा आत ओढतात. ओढणाऱ्या जाळीखाली पट्टी वर खेचली जाते. तिथली जागा टाळा, कारण सगळ्या खोलीचा वास तिकडेच येतो. सोडणाऱ्या जाळीची जागा बरी, पण त्या हवेत बाहेरची ताजी हवा मिसळतेय का, हे इमारतीची देखभाल करणाऱ्यांना विचारा. साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा गार करून फिरवतो. त्याने वास कमी होत नाही, फक्त गार होतो. ऑफिसात कार्बन डायऑक्साइडचं मीटर असेल तर तेही बोलतं: बाहेर आकडा 420 पीपीएमच्या आसपास असतो. भरल्या खोलीत तो 1000 च्या बराच वर जात असेल तर हवा बदलत नाहीये, आणि वासही तिथेच रेंगाळणार.

पंखा ठेवायचा तर बहुतेक जण उलटा ठेवतात: शेजाऱ्याच्या बाजूला, स्वतःकडे तोंड करून. मग त्याचा सगळा परफ्युम थेट तुमच्या नाकावर. पंखा तुमच्या मागे किंवा कडेला, जिकडची हवा स्वच्छ तिकडे ठेवायचा, म्हणजे झोत तुमच्यावरून वासाच्या दिशेने जाईल. फक्त झोताच्या टोकाला आणखी कुणी त्रासलेलं बसलेलं नाही ना, ते बघा.

एअर प्युरिफायरबद्दल खूप गैरसमज आहेत. हेपा फिल्टर धूळ, परागकण, धूर यांचे कण पकडतो. सुगंध म्हणजे वायू, तो हेपातून आरपार जातो. खोक्यावरचा सीएडीआर, म्हणजे ठरावीक वेळात किती हवा स्वच्छ होते तो मोठा आकडाही, कणांसाठीच असतो. वायूसाठी हवा सक्रिय कोळसा, आणि तोही वजनाने. काळा रंग दिलेली स्पंजसारखी पातळ पट्टी काही आठवड्यांत भरून जाते. दाणेदार कोळसा किलोभर किंवा त्याहून जास्त असेल तर महिनोन्महिने चालतो. प्युरिफायरच्या तोंडाशी वास येऊ लागला की कोळसा संपला समजा. ओझोन सोडणारी यंत्रं मात्र घेऊच नका. लिंबू-संत्र्याच्या वासातल्या लिमोनीनशी ओझोनची क्रिया होऊन फॉर्मल्डिहाइड तयार होतं, म्हणजे आगीतून फुफाट्यात.

मास्कचंही हेच. सर्जिकल किंवा एन-95 कण अडवतो, वास नाही. कोळशाचा थर असलेला मास्क लिफ्ट, वॉशरूम, अर्ध्या तासाची मीटिंग एवढ्यापुरता उपयोगी. वापरून झाला की झिपच्या पिशवीत बंद ठेवा, नाहीतर ड्रॉवरमध्ये पडल्या पडल्याही तो वास शोषत राहतो.

साफसफाईची वेळ हा सगळ्यात स्वस्त बदल. खोलीतली हवा पूर्णपणे मिसळतेय असं धरलं तर हवा एकदा बदलल्यावर वासाचा साधारण 37 टक्के भाग उरतो, तीनदा बदलल्यावर 5 टक्के. तासाला चार वेळा हवा बदलत असेल तर 45 मिनिटं लागतात, दोन वेळा बदलत असेल तर दीड तास. साडेआठला सुवासिक द्रावणाने पुसायचं आणि नऊला तुम्ही यायचं, हे गणित बसणारच नाही. पुसणं संध्याकाळी हलवा. वॉशरूममधला आपोआप फवारणारा डबा बंद करता आला तर दिवसभराचा मोठा स्रोतच जातो.

उत्पादनं निवडताना 'अनसेंटेड' आणि 'फ्रॅग्रन्स-फ्री' यांत गल्लत होते. 'अनसेंटेड'मध्ये मूळ वास झाकायला कधी कधी सुगंधच घातलेला असतो. घटकांच्या यादीत 'परफ्युम' किंवा 'फ्रॅग्रन्स' हा शब्द शोधा. या एका शब्दामागे डझनावारी रसायनं असू शकतात. वासावर वास मारणं, म्हणजे कॉफीच्या बिया, पुदिन्याचं तेल, उग्र बाम, हे काहींना तात्पुरतं बरं वाटतं, पण ट्रायजेमिनलला तो आणखी एक चिमटाच.

हे सगळं झाल्यावर माणसांकडे वळायचं. आधी वळलात तर गोष्ट भांडणावर जाते. 'सगळ्यांनी वास टाळा' अशी ढोबळ मेल पाठवली की परफ्युम थांबतो आणि कपड्यांचा फॅब्रिक सॉफ्टनर तसाच राहतो, कारण त्याला कुणी परफ्युम समजतच नाही. तो तर कापडात टिकावा म्हणूनच बनवलेला असतो. तेव्हा वस्तूचं नाव घेऊन मागा, आणि एकट्याला गाठून बोला:

'मला मायग्रेन आहे, तीव्र सुगंधाने तो सुरू होतो. तुझा परफ्युम वाईट आहे असं नाही, माझं डोकं असं आहे. डेस्कवर बॉडी स्प्रे मारू नकोस, आणि आपण शेजारी बसतो त्या दिवशी परफ्युम टाळता आला तर बघ.'

डेस्कवर फवारणं वेगळं सांगायचं, कारण फवारल्यानंतरची पहिली मिनिटं सगळ्यात जड असतात. अल्कोहोल आणि हलके घटक तेव्हाच उडतात.

मॅनेजरला किंवा एचआरला तोंडी सांगून भागत नाही. डॉक्टरांच्या पत्रात निदान, कामावर काय परिणाम होतो, आणि काय हवंय, या तीन गोष्टी असाव्यात. मागण्या दोन-तीनच ठेवा: जागा बदल, फवारा बंद, अटॅकच्या दिवशी घरून काम. सोबत चार आठवड्यांनी पुन्हा बघण्याची तारीख सुचवा. ऑफिसात सुगंधबंदीचा नियम शक्यच नाही असं उत्तर आलं, तर अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेने 2009 मध्ये स्वतःच्या इमारतींत सुगंधी उत्पादनांना मनाई केली होती, हे सांगता येतं.

तरीही अटॅक आलाच तर आधी जागा सोडा. हात-तोंड बिनवासाच्या साबणाने धुवा, वरचं जॅकेट काढा, कारण वास कापडात बसतो. गोळी डॉक्टरांनी दिली असेल तीच, आणि दुखणं सौम्य असतानाच. ट्रिप्टान गटातल्या, म्हणजे खास मायग्रेनवरच्या, गोळ्या उशिरा घेतल्या की कमी लागू पडतात, आणि हृदयविकार असणाऱ्यांना त्या चालत नाहीत. 'आज मीटिंग आहे' म्हणून आधीच गोळी घेण्याची सवय लावू नका. महिन्यात 10 किंवा जास्त दिवस ट्रिप्टान, किंवा 15 किंवा जास्त दिवस साधी वेदनाशामकं, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. महिन्याला चार किंवा अधिक दिवस जात असतील तर अटॅक टाळणाऱ्या औषधाबद्दल डॉक्टरांना विचारा, ती वही सोबत नेऊन.

आणि वासाने छातीत घरघर होत असेल, अंगावर पित्त उठत असेल, घसा आवळत असेल, तर तो मायग्रेन नव्हे, त्याचा इलाज वेगळा. क्षणात टोकाला पोचलेली डोकेदुखी, बोबडी वळणं, हातापायातली ताकद जाणं, तापासोबत मान ताठरणं, यांतलं काहीही झालं तर वास कुठला होता हे शोधत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.