कानाचं मशीन कुठलं, याआधी ते लावणार कोण?

(रत्नागिरीतल्या ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्यात एका ऑडिऑलॉजिस्टने दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. माझ्याकडे पहिल्यांदा येणारे बहुतेक जण खुर्चीत बसता बसता विचारतात, "मॅडम, कुठल्या कंपनीचं मशीन चांगलं?" मोठ्या पाच-सहा कंपन्यांची आजची मशीनं सगळीच चांगली आहेत. पैसे खर्च करूनही जे लोक निराश होतात, त्यांची निराशा बहुतेक वेळा कंपनीमुळे नसते. मशीन त्यांच्या कानाला कुणी मोजून लावलेलंच नसतं. म्हणून आज मी मशीनपेक्षा त्या लावण्याबद्दल जास्त बोलणार आहे.

आधी कानात काय होतं ते पाहू. आतल्या कानात, शंखाच्या आकाराच्या नळीत, प्रत्येक बाजूला साधारण 15 हजार केसपेशी असतात. माणसात त्या एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. वय वाढतं तसं नळीच्या तोंडाशी असलेल्या पेशी आधी थकतात, आणि त्या बारीक, तीव्र पट्टीचे आवाज टिपणाऱ्या असतात. जाड आवाज मात्र बरीच वर्षं ठीक ऐकू येत राहतात. आता आपली मराठी बघा. अ, आ, ओ या स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो. स, श, त, थ, ख, फ यांचा जीव वरच्या पट्टीत, आणि तो मुळात क्षीण. त्यामुळे "साठ" म्हटलेलं "आठ" ऐकू येतं. भाजीवालीशी हुज्जत होते, फोनवर बँकेने सांगितलेला आकडा चुकतो. घरचे म्हणतात, "यांना हवं तेवढं बरोबर ऐकू येतं." हे त्या माणसावर फार अन्यायाचं बोलणं आहे. तो मुद्दाम करत नाही. त्याला बोलणं ऐकू येतं, पण शब्दाच्या कडा गळून पडलेल्या असतात. "ऐकू येतं हो मॅडम, पण समजत नाही" हे वाक्य मी रोज ऐकते, आणि ते शास्त्राच्या दृष्टीने अगदी अचूक आहे.

दुसरी गोष्ट घरच्यांनी ऐकावी अशी. या पेशी गेल्या की हळू आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज पूर्वीइतकाच मोठा वाटतो, कधीकधी जास्तच बोचतो. म्हणून आजोबा आधी म्हणतात "जरा मोठ्याने बोल", आणि तुम्ही मोठ्याने बोललात की म्हणतात "ओरडतोस कशाला?" दोन्ही खरं असतं. हळू आणि असह्य यांच्यातली जागाच अरुंद झालेली असते. चांगलं मशीन हळू आवाज जास्त वाढवतं, मधला थोडा, आणि मोठा जवळजवळ तसाच ठेवतं. ऑनलाइन हजार-दीड हजारात मिळणारी आवाज वाढवायची डबी सगळंच सारखं वाढवते. बोलणं वाढतं, भांड्यांचा खणखणाटही वाढतो, आणि ती डबी आठवडाभरात खणात जाते.

तपासणीबद्दल थोडक्यात. 250 पासून 8000 हर्ट्झपर्यंतचा, म्हणजे जाड ते बारीक पट्टीचा, ऑडिओग्रॅम झालाच पाहिजे. कुठल्या पट्टीचा आवाज किती हळू असला तरी ऐकू येतो, त्याचा हा आलेख. त्यासोबत शब्दांची चाचणीही हवी, म्हणजे पुरेशा मोठ्या आवाजात शब्द ऐकवल्यावर किती ओळखता येतात ते कळतं. ही चाचणी तुमच्या भाषेतल्या शब्दांनी व्हायला हवी. मराठी माणसाला इंग्रजी शब्द ऐकवून काढलेल्या गुणांवर माझा विश्वास नाही. अहवालाची प्रत मागून घ्या, ती तुमची आहे. आणि एक अगदी महत्त्वाचं: एका रात्रीत एका कानाचं ऐकणं गेलं, दोन्ही कानांत मोठा फरक पडला, कानातून पाणी येतंय, चक्कर येतेय, तर मशीनचा विचार नंतर. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ. अचानक गेलेल्या ऐकण्यावर पहिल्या काही दिवसांत औषध सुरू झालं तर ते परत येण्याची आशा असते. "सर्दी असेल, बघू पुढच्या महिन्यात" म्हणत लोक ते दिवस घालवतात, आणि मला ते बघवत नाही.

आता मशीनची निवड. मी प्रत्येकाला एक कागद देते आणि सांगते, तुम्हाला कुठे ऐकू यायला हवं आहे ते लिहा. ऑस्ट्रेलियातल्या नॅशनल अकूस्टिक लॅबोरेटरीजमध्ये 1997 च्या सुमारास हार्वी डिलन यांनी ही पद्धत पक्की केली. माणसाने जास्तीत जास्त पाच प्रसंग नेमून सांगायचे आणि काही आठवड्यांनी त्याच प्रसंगांत किती फरक पडला ते तपासायचं. "नीट ऐकू यावं" असं लिहून चालत नाही. "रविवारी सगळे जेवायला बसल्यावर नातीचं बोलणं कळावं", "देवळात कीर्तनाला मागे बसून बुवांचं निरूपण कळावं", "मुलाशी फोनवर बोलताना स्पीकर लावावा लागू नये" असं लिहायचं. एका आजींनी लिहिलं होतं, "सकाळी दूधवाल्याची हाक." एवढंच. त्या एकट्या राहतात. टीव्हीला जोडायची सोय, मोबाइलवरचं ॲप, यांतलं त्यांना काहीही नको होतं, आणि दुकानात त्यांना दाखवलेलं मशीन या सगळ्याने भरलेलं होतं. त्यांचं काम साध्या मशीनने झालं.

किमतीचं कोडं इथेच सुटतं. एकाच कंपनीचं साधं आणि सर्वांत महाग मशीन बाहेरून सारखंच दिसतं, आणि किमतीत कितीतरी पट फरक असतो. विक्रेता चॅनेलचे आकडे सांगतो, म्हणजे मशीन आवाजाचे किती पट्टे वेगवेगळे हाताळतं ते. अमेरिकेतल्या मेम्फिस विद्यापीठात रॉबिन कॉक्स आणि सहकाऱ्यांनी ज्येष्ठांना साधी आणि महाग अशी दोन्ही प्रकारची मशीनं नीट जुळवून वापरायला दिली. दोन्हींनी आयुष्य सुधारलं, पण रोजच्या जगण्यात महाग मशीन ठळकपणे सरस ठरलं नाही. महाग मशीन कधीच घेऊ नका असं मी म्हणत नाही. जो माणूस अजून वकिली करतो, सभांना जातो, गोंगाटात वावरतो, त्याला चांगले दिशादर्शी, म्हणजे समोरचा आवाज जास्त टिपणारे माइक आणि गोंगाट आवरणारी यंत्रणा उपयोगी पडते. पण तुमच्या कागदावर घरातले दोन-चार आवाजच असतील, तर ते पैसे वाचवा. आणि गोंगाटातल्या अडचणीवर मशीनपेक्षा अंतर कमी करणं प्रभावी ठरतं. मोकळ्या जागेत बोलणाऱ्याचं अंतर निम्मं केलं की त्याचा आवाज 6 डेसिबलने वाढतो. नातीला शेजारी बसवा.

आकाराबद्दल फार बोलत नाही. कानामागे छोटं यंत्र आणि कानात बारीक वायरवर स्पीकर, हा प्रकार बहुतेकांना पुरतो. कानात पूर्ण लपणारं मशीन दिसत नाही म्हणून लोकांना हवं असतं. पण बोटं थरथरत असतील, नजर अधू असेल, तर दहा नंबरची पिवळ्या कागदाची बॅटरी बदलताना रडू येतं. अशांनी चार्जिंगचं घ्यावं, किंवा तेरा नंबरची, नारिंगी कागदाची मोठी बॅटरी चालणारं. ऐकणं फार कमी असेल तर कानातल्या टोकावरची रबरी टोपी पुरत नाही, कानाचा साचा घेऊन बनवलेला मोल्डच लागतो.

आता मी मघाशी म्हटलं ते मोजून लावणं. इंग्रजीत याला रिअल इअर मेजरमेंट म्हणतात, आणि हे तीन शब्द तुम्ही पाठ करून जा. प्रत्येकाच्या कानाची नळी वेगळी असते. लांबी वेगळी, वळण वेगळं. त्यामुळे तेच मशीन, तेच सेटिंग, पण दोन माणसांच्या कानाच्या पडद्यापाशी पोचणारा आवाज वेगळा. कंपनीच्या सॉफ्टवेअरला तुमचा कान माहीत नसतो. ते सरासरी कान धरून चालतं, आणि पुष्कळदा वरच्या पट्टीतला आवाज हात राखूनच देतं, कारण पहिल्या दिवशी तो टोचतो आणि ग्राहक नाराज होतो. पण तुमचे स आणि श तर तिथेच अडकलेले असतात.

मोजतात कसं? आधी कानात बघून मळ नाही ना, याची खात्री. मग सुतळीहूनही बारीक अशी सिलिकॉनची मऊ नळी कानात सरकवायची, तिचं टोक पडद्यापासून साधारण 5 मिलिमीटरवर येईपर्यंत. गुदगुल्या होतात, काहींना खोकला येतो, कारण कानाच्या नळीतल्या एका नसेचा घशाशी संबंध आहे. दुखत मात्र नाही. मग त्यावरून मशीन घालायचं आणि समोरच्या स्पीकरवर बोलण्याचा आवाज लावायचा. तो ऐकून लोक गोंधळतात, कारण सहा भाषांतल्या बायकांच्या बोलण्याचे बारीक तुकडे जोडून तो तयार केलेला आहे. लय बोलण्याची, अर्थ मात्र काहीच नाही. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक रेघ असते, तुमच्या ऑडिओग्रॅमवरून काढलेली, आवाज कुठवर पोचायला हवा ती. दुसरी रेघ असते प्रत्यक्षात पोचतोय त्याची. हळू, मध्यम आणि मोठ्या बोलण्यासाठी दोन्ही रेघा जवळ आणायच्या. दोन्ही कान मिळून पंधरा-वीस मिनिटांचं काम.

एक निवृत्त शिक्षक आले होते. दुसरीकडून घेतलेलं मशीन, चांगल्या कंपनीचं, पण दोन वर्षं कपाटात. नळी घालून बघितलं तर 2000 हर्ट्झच्या पुढे मशीन जवळजवळ काहीच देत नव्हतं. त्यांनी इतके दिवस कानात नुसतं ओझं वागवलं होतं. त्याच मशीनचं सेटिंग बदललं. ते खुर्चीतच थांबले आणि म्हणाले, "तुमच्या कॉम्प्युटरचा पंखा वाजतोय का?" वाजतच होता. आधी ऐकू येत नव्हता. मशीन नवं घ्यावं लागलं नाही.

म्हणून ऑडिऑलॉजिस्ट निवडताना विचारा. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का? माझ्या कानात नळी घालून मोजाल का? घरी नेऊन वापरून बघायला द्याल का, आणि परत केलं तर पैशांचं काय? पुढच्या भेटी किमतीत धरल्या आहेत का? सांगितलेला दर एका कानाचा की जोडीचा? आणि हे मशीन दुसऱ्या शहरात, दुसऱ्या ऑडिऑलॉजिस्टला उघडता येईल का? काही साखळी दुकानांतली मशीनं फक्त त्यांच्याच सॉफ्टवेअरवर चालतात. उद्या तुम्ही मुलाकडे नागपूरला राहायला गेलात तर पंचाईत. बिलावर मशीनचा सिरियल नंबर असू द्या. उत्तरं देताना जो कंटाळतो, त्याच्याकडे मशीन घेऊ नका, मग सवलत कितीही असो.

पैशांची अडचण असेल त्यांच्यासाठी: केंद्राच्या ॲडिप (दिव्यांगांना साहित्य देणारी योजना) आणि राष्ट्रीय वयोश्री (ज्येष्ठांसाठीची) योजनेतून मशीन मिळू शकतं. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरच्या, उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना एकरकमी 3000 रुपये मिळतात. त्यात चांगली जोडी येत नाही हे मला माहीत आहे, पण हातभार लागतो. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथे तपासणी नीट होते.

मशीन लावल्यावर पहिल्या दिवशी काय होतं तेही सांगते, म्हणजे घाबरणार नाही. स्वतःचाच आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा येतो. वर्तमानपत्राची घडी कर्कश वाटते. यातलं बरंचसं मेंदूला सवय झाली की जातं, त्याला काही आठवडे लागतात, आणि त्यासाठी मशीन रोज बरेच तास घालावं लागतं. फक्त लग्नाला जाताना घालून सवय होत नाही. रांजणाचा त्रास मात्र सवयीवर सोडू नका. टोपी किंवा मोल्डचं भोक बदलून तो कमी करता येतो. सहन करत बसू नका, येऊन सांगा. आणि "कसंतरी वाटतं" असं सांगू नका. कुठे, कोण बोलत होतं, काय वाटलं, हे लिहून आणा. त्यावरून मी सेटिंग बदलू शकते.

स्मृतिभ्रंशाबद्दल नेहमी विचारलं जातं. मशीन घातलं की विसराळूपणा टळतो, अशी जाहिरात कुणी केली तर विश्वास ठेवू नका. 2023 साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. सगळ्या सहभागींचा मिळून विचार केला तर तीन वर्षांत फरक दिसला नाही. ज्यांना मुळातच धोका जास्त होता, त्यांच्यात मात्र बौद्धिक घसरण 48 टक्क्यांनी मंदावली. आशा आहे, हमी नाही. मी मशीन सुचवते ते माणसं बोलण्यातून बाहेर पडू नयेत म्हणून.

आपल्या कोकणासाठी शेवटचं. पावसाळ्यातली दमट हवा आणि घाम मशीनला मारतात. रात्री ते सिलिका जेलच्या डबीत ठेवा. जेलचा रंग बदलला की जेल बदला. आवाज अचानक गेला तर आधी टोकावरची पांढरी जाळी बघा. पुष्कळदा तिथे मळ बसलेला असतो, आणि जाळी घरी बदलता येते. कपाटात जुनं मशीन पडलेलं असेल तर नवं घेण्याआधी ते घेऊन या, मोजून बघू. आता प्रश्न घेऊया. माइक मागपर्यंत फिरवा, आणि प्रत्येकाने माइकमध्येच बोला, म्हणजे सगळ्यांना ऐकू येईल.