देश सांध्यावर अडतो

(ठाण्यात झालेल्या एका व्याख्यानाचे संपादित रूप)

श्रोतेहो, नमस्कार.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी ३४ किलोमीटर धावून आपल्या ठाण्यात थांबली, हे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असतं. १४ डबे, तीन इंजिनं, सुमारे ४०० पाहुणे. मला त्यापुढची गोष्ट सांगायची आहे. ठाण्याला पोचावं म्हणून तो मार्ग कुणी आखला नव्हता. ज्यांनी भांडवल घातलं त्यांना वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबईच्या बंदरावर हवा होता, आणि मधे सह्याद्री उभा होता. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले, पण बोरघाट चढून जायला १८६३ उजाडलं आणि थळघाट चढायला १८६५. त्या दोन घाटांत रोगराईने आणि अपघातांनी हजारो मजूर दगावले. १८७० मध्ये जबलपूरला जोड लागला आणि मुंबई ते कलकत्ता असा रेल्वेचा सलग मार्ग झाला. आजही बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्यांना या घाटांच्या पायथ्याशी, कर्जतला आणि कसाऱ्याला, जादा इंजिन लावावं लागतं. ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर चढ, हे घाटाचं गणित तेव्हा होतं तेच आज आहे.

मालवाहतुकीच्या धंद्यात उभं आयुष्य गेल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. एवढ्या मोठ्या देशात अंतराचा त्रास आपण समजतो तेवढा नसतो. गाडी एकदा मार्गाला लागली की हजार किलोमीटर कापतेच. माल अडतो आणि माणूस खोळंबतो तो सांध्यावर. एक गाडी सोडून दुसरी धरायची असते, ट्रकमधून वाघिणीत, म्हणजे मालगाडीच्या डब्यात, माल चढवायचा असतो, विमानातून उतरून गावची एसटी गाठायची असते, तिथे. देशाचे जे प्रदेश मागे राहिले ते दूर होते म्हणून मागे राहिले असं आपण सहज म्हणतो. मला ते पटत नाही. त्यांच्या वाटेवरचे सांधे आपण कच्चे ठेवले.

सगळ्यात मोठा कच्चा सांधा म्हणजे गेज, दोन रुळांमधलं अंतर. गव्हर्नर जनरल डलहौसीच्या काळात साडेपाच फुटांचा रुंद रूळ ठरला, तो चांगला निर्णय होता. पण १८७० नंतर खर्च वाचवायला मीटर गेज आलं, आणि जिथे रहदारी कमी तिथे त्याहून अरुंद रूळ. रहदारी कमी कुठे? तर आधीच गरीब असलेल्या मुलखात. मग रुंद आणि अरुंद रूळ जिथे भेटत तिथे प्रत्येक पोतं हमालाच्या पाठीवरून एका वाघिणीतून दुसऱ्या वाघिणीत जाई. त्याची हमाली, फुटतूट, चोरी, दोन-दोन दिवसांचा खोळंबा, हे सगळं शेवटी शेतकऱ्याच्या भावातून वजा होत असे.

आपल्याच राज्यातलं उदाहरण घ्या. बार्शी लाइट रेल्वे. अडीच फुटांची ती चिमुकली गाडी कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरने आणली. १८९७ मध्ये ती कुर्डुवाडीपासून बार्शीला धावू लागली, पुढे पंढरपूरला गेली, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. वारकऱ्यांच्या कित्येक पिढ्या तिने पंढरीला नेल्या. तिच्याबद्दल माझ्या मनात प्रेमच आहे. पण लातूरच्या बाजारातली डाळ रेल्वेने मुंबईला यायची तर कुर्डुवाडीला वाघीण बदलायलाच हवी. मुंबई-मद्रास मुख्य मार्गावरचं ते स्टेशन, तरी लातूरच्या मालाला तिथे दार बंद असल्यासारखंच. लातूरकडचा रूळ रुंद व्हायला २००८ च्या सुमाराचं वर्ष यावं लागलं, आणि पंढरपूर-मिरज टप्पा त्याच्याही नंतर झाला.

आणि मग २०१६ चा उन्हाळा आला. लातूरला प्यायला पाणी नव्हतं. एप्रिलमध्ये मिरजेहून कृष्णेचं पाणी घेऊन रेल्वे निघाली. आधी दहा टाक्यांची, मग पन्नास टाक्यांची. तेल वाहणाऱ्या त्या टाक्या राजस्थानात कोट्याच्या कारखान्यात वाफेने धुऊन घेतल्या होत्या. ती गाडी ज्या वाटेने गेली ती मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर ही वाट म्हणजे जुन्या बार्शी लाइटचाच मार्ग. तो आणखी काही वर्षं अरुंद राहिला असता तर पन्नास टाक्यांची ती गाडी मिरजेहून लातूरला जाऊच शकली नसती. गेज बदलण्याच्या कामाला कागदोपत्री ‘परतावा कमी’ असा शेरा मिळतो. लातूरकरांनी त्या उन्हाळ्यात जो परतावा पाहिला तो कुठल्या रकान्यात लिहायचा?

त्यातही सांधा होताच. पाणी रेल्वेत भरायचं कसं? शुद्धीकरण केंद्रापासून मिरजेच्या यार्डापर्यंत नळ टाकावा लागला. लातूरला ते उतरवून गावात पोचवायची वेगळी व्यवस्था करावी लागली. मधला सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटरचा रस्ता त्या मानाने सोपा होता.

ईशान्य भारताची कथा याहून कठीण आहे. फाळणी झाली आणि आसामकडे जाणारे रूळ एका रात्रीत परक्या देशात गेले. रेल्वेचे इंजिनिअर करनैल सिंग यांच्या देखरेखीखाली डोंगरपायथ्याच्या नद्या ओलांडत नवा आसाम लिंक मार्ग बांधला गेला आणि २६ जानेवारी १९५० पासून त्यावरून प्रवासी गाडी धावू लागली. एवढ्या थोड्या वेळात एवढं काम आपल्या देशाने केलं, याचा मला फार अभिमान वाटतो. पण तो मार्ग मीटर गेजचा होता. रुंद रूळ गुवाहाटीला १९८० च्या दशकात गेला आणि बराक खोऱ्यातल्या सिलचरला २०१५ मध्ये. मिझोरामची राजधानी ऐझॉल, तिच्याजवळच्या सायरांगपर्यंतचा ५१ किलोमीटरचा मार्ग सुरू व्हायला सप्टेंबर २०२५ उजाडला. त्यात ४८ बोगदे आहेत. फार दूर कशाला जायचं? त्याच महिन्यात आपल्या बीडला अहिल्यानगरहून पहिल्यांदा रेल्वे आली. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा सपाटीतला मार्ग. बीडच्या किती पिढ्यांनी त्याची वाट पाहिली असेल!

रेल्वेच्या हातातून माल रस्त्यावर का गेला, हे आता लक्षात येईल. स्वातंत्र्याच्या सुमाराला देशातल्या मालवाहतुकीचा ऐंशी टक्क्यांहून जास्त वाटा रेल्वेकडे होता, आज तो तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी आहे. प्रवासी भाडं कमी ठेवून मालाचं भाडं चढं ठेवलं, हे एक कारण. प्रवासी गाडीला वाट द्यायला मालगाडी बाजूला उभी राहते, हे दुसरं. पण खरं कारण मला असं दिसतं, की ट्रकला सांधा नसतो. तो शेताच्या बांधावर उभा राहतो आणि वाशीच्या गाळ्यासमोर रिकामा होतो. रेल्वे व्यापाऱ्याला म्हणते, पूर्ण रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, भर. सांगोल्याचा डाळिंबवाला पूर्ण रेक कुठून भरणार? ऑगस्ट २०२० मध्ये देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल निघाली तेव्हा ही अट काढली होती. थोडासा माल, वाटेतल्या कुठल्याही थांब्यावर चढवा. भाड्यात निम्मी सवलतही होती. सांगोल्याहून बंगालातल्या शालिमारला गाडी गेली ती अशी.

रस्त्याचेही सांधे होते म्हणा. जकात नाके! मुलुंडच्या नाक्यावरची ट्रकची रांग तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. भिवंडीची गोदामं आज देशात नावाजलेली आहेत, ती वाढली त्यात या जकातीचा मोठा हात होता. मुंबईच्या हद्दीबाहेर माल उतरवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, पण गोदामं तिथेच राहिली, कारण तोवर हमाल, टेम्पो, ट्रान्स्पोर्ट कचेऱ्या, सगळा संसार तिथे जमला होता.

आता त्याच भिवंडी तालुक्यातल्या आमणेला समृद्धी महामार्ग येऊन थांबतो. नागपूरपासून ७०१ किलोमीटर. शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. कारागीर आणि इंजिनिअर मंडळींचं काम पाहून छाती भरून येते. पण विदर्भातून सुसाट आलेला ट्रक आमणेला उतरतो आणि मग भिवंडी, माजिवडा, घोडबंदर या वाटांवर अडकतो. अवजड वाहनांना शहरात ठरावीक वेळेतच सोडतात, मग ड्रायव्हर गाडी कडेला लावून झोपतो. नागपूर ते आमणे वाचवलेले तास शेवटच्या तीस-चाळीस किलोमीटरमध्ये संपतात. सातशे किलोमीटरला जेवढी माया दिली तेवढीच त्या तीस किलोमीटरला द्यायला हवी होती, असं मी स्पष्ट म्हणतो. रेल्वेने ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका २०२२ मध्ये पुरी केली, ते काम तसं लहान. पण लोकल आणि मेल गाड्या एकमेकींच्या पायात येत होत्या, त्या बऱ्याच मोकळ्या झाल्या. मुंब्र्याला गुंता झाला की उत्तर प्रदेशातून येणारी गाडी कल्याणच्या अलीकडे उभी राहायची, हे आपण भोगलं आहे.

विमानाकडे वळतो. १९४९ मध्ये आपल्या देशात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास या चार शहरांतून विमानं रात्री उडत, मध्यरात्रीच्या सुमाराला नागपूरला एकत्र येत, टपालाच्या पिशव्या आणि उतारू यांची अदलाबदल होई, आणि पहाटे ती आपापल्या शहरी परत. देशाच्या मध्यावर एक चोख सांधा, आणि सकाळच्या बटवड्यात मद्रासचं पत्र दिल्लीत. साधनं तुटपुंजी होती, आखणी मात्र अव्वल.

त्या तुलनेत लहान शहरं विमानाने जोडणाऱ्या सरकारी उडान योजनेकडे पाहा. हेतू उत्तम. २०१७ मध्ये पहिलं विमान सिमल्याहून दिल्लीला गेलं. तासाभराच्या प्रवासाला अडीच हजारांची भाडेमर्यादा, आणि तोटा भरून द्यायला सरकार. पण महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात दिसलं, की तपासलेल्या ७७४ मार्गांपैकी निम्म्याहून जास्त सुरूच झाले नव्हते, आणि सवलतीची मुदत संपल्यावरही टिकलेले फक्त ५४ होते. धावपट्टी झाली म्हणजे विमानतळ झाला असं नसतं. जिल्ह्याच्या गावाहून तिथवर बस आहे का, विमान ज्या शहरात उतरवतं तिथून पुढचं विमान त्याच सकाळी मिळतं का, हे आधी पाहायला हवं.

आणि आता आपल्या दाराशी आलेला विमानतळ. नवी मुंबईचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं. पहिल्या टप्प्यात वर्षाला २ कोटी प्रवासी, सगळे टप्पे झाल्यावर ९ कोटी. त्यासाठी उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला, दहा गावं उठवली. या भूमिपुत्रांच्या हक्कासाठी दि. बा. पाटील लढले. १९८४ च्या जासईच्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्यातून आली. त्या जमिनीवर आपण जे बांधलं ते नीट चालवणं हे कर्तव्य आहे. ठाण्याहून ट्रान्सहार्बरने नेरुळ, तिथे बोजा घेऊन जिना चढायचा, उरणची लोकल धरायची, हे म्हाताऱ्या माणसाला जमणार नाही. चिपळूणहून कोकण रेल्वेने येणारा पनवेलला रात्री उतरला तर पुढे काय? या दोन ठिकाणी वेळापत्रक जुळवून बस ठेवायला टेकड्या कापाव्या लागत नाहीत.

मालाचं मात्र मला फार आशादायक दिसतं. २००७ मध्ये अमेरिकेने आपल्या आंब्याला दार उघडलं तेव्हा विकिरणाची, म्हणजे किरणांचा मारा करून फळातली कीड घालवण्याची, सोय लासलगावला होती. रत्नागिरीचा हापूस कोकणातून निघून कसाऱ्याचा घाट चढायचा, लासलगावला प्रक्रिया व्हायची, पुन्हा घाट उतरून मुंबईच्या सहार विमानतळावर विमानात चढायचा. पिकत आलेल्या फळाला केवढा हा वळसा! नंतर पणन मंडळाने वाशीला विकिरण केंद्र उभारलं आणि घाट वाचला, तरी खाडी ओलांडून सहारला जाणं उरलंच. आता वाशी आणि विमानतळ खाडीच्या एकाच बाजूला आहेत. तपासणीचा शिक्का, शीतगृहातली जागा आणि परदेशी जाणारं विमान या तिन्ही गोष्टी उलव्याला एकाच रात्रीत मिळाल्या, तर पाडाचं फळ दुसऱ्या दिवशी परदेशात पोचेल. बाजार समितीतल्या व्यापाऱ्यांनी आणि कोकणातल्या बागायतदारांनी ही मागणी एकत्र बसून, लेखी, हंगामाच्या आधी करावी. तुमच्यापैकी कुणाचे पाहुणे देवगड-रत्नागिरीला बागायत करत असतील, तर त्यांना हे आजच कळवा. मोहर धरला की मग कुणाला बैठकीला वेळ नसतो.