पाठिंबा चारचौघांत द्यावा

सभासद बंधुभगिनींनो,

२०२४ साली आपल्या याच लंडनमध्ये, ड्यूक ऑफ यॉर्क्स नाट्यगृहातील ‘रोमिओ अँड ज्युलिएट’साठी टॉम हॉलंड यांच्यासोबत ज्युलिएट म्हणून फ्रान्सेस्का आमेवुदा-रिव्हर्स या कृष्णवर्णीय अभिनेत्रीची निवड जाहीर झाली आणि त्यांच्या तोंडचा एक संवादही कोणी ऐकलेला नसताना समाजमाध्यमांवर त्यांच्या वर्णाची व रूपाची अत्यंत हीन शब्दांत निंदा सुरू झाली. नाट्यसंस्थेने जाहीर निषेध केला, हे योग्यच झाले. परंतु मला अधिक मोलाचे वाटते ते अभिनेत्री सुझन वोकोमा आणि नाटककार सोमालिया सीटन यांच्या पुढाकाराने निघालेले खुले पत्र. त्यावर आठशेहून अधिक कलावंतांनी, प्रामुख्याने कृष्णवर्णीय स्त्रियांनी, सह्या केल्या. असा मारा कृष्णवर्णीय अभिनेत्रींना वारंवार एकटीनेच सोसावा लागतो, ही व्यथा त्यांनी त्यात मांडली. ज्या व्यवसायावर आपली उपजीविका अवलंबून आहे, त्याच व्यवसायासमोर नावानिशी उभे राहायला धैर्य लागते.

हा छळ एखाद्या नाटकापुरता नाही. ब्रिटन आणि अमेरिकेतील ७७८ महिला पत्रकार व राजकारणी यांना २०१७ मध्ये उद्देशून केलेल्या ट्विटांचा अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवाधिकार संघटनेने अभ्यास केला, तेव्हा गोऱ्या स्त्रियांच्या तुलनेत कृष्णवर्णीय स्त्रियांचा उल्लेख शिवीगाळीच्या किंवा आक्षेपार्ह ट्विटांत होण्याची शक्यता ८४ टक्क्यांनी अधिक आढळली. २०१६ मध्ये कृष्णवर्णीय अमेरिकन अभिनेत्री लेस्ली जोन्स यांनी आपल्याला येणारे वंशद्वेषी संदेश स्वतः उघड केले, त्यानंतरच ट्विटरने एका प्रमुख छळकर्त्याचे खाते कायमचे बंद केले. पुढच्याच महिन्यात जोन्स यांचे संकेतस्थळ फोडून खासगी छायाचित्रे पसरवण्यात आली.

याउलट २०२२ मध्ये ‘स्टार वॉर्स’च्या ‘ओबी-वॅन केनोबी’ या मालिकेतील कृष्णवर्णीय अभिनेत्री मोझेस इंग्रॅम यांच्यावर वंशद्वेषी संदेशांचा भडिमार झाला, तेव्हा त्याच मालिकेचे नायक युअन मॅकग्रेगर यांनी चित्रफीत प्रसिद्ध करून, असे संदेश पाठवणारे ‘स्टार वॉर्स’चे चाहतेच नव्हेत, असे ठणकावले. ज्याचा शब्द चाहते मानतात, त्याने तो असा वेळेवर उच्चारावा. खासगीत कळवलेली सहानुभूती त्या स्त्रीला दिलासा देईल, पण छळणाऱ्यांना ती दिसत नाही.

विवाहाच्या जाहिरातींत ‘गोरी वधू’ मागणाऱ्या आपल्या समाजाला वर्णावरून माणूस जोखण्याची सवय परकी नाही. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, की एखाद्या कृष्णवर्णीय कलावतीची टवाळी करणारे चित्र आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटात आले, तर ते पुढे पाठवू नका, आणि पाठवणारे वयाने मोठे असले तरी, काका, हे बरोबर नाही, असे त्याच गटात, सर्वांना दिसेल असे लिहा.