मक्याची भूक आणि शेणखत

श्रोतेहो, नमस्कार.

मका हे खादाड पीक आहे. रोप गुडघ्याइतके झाल्यापासून तुरा बाहेर पडेपर्यंतच्या काही आठवड्यांत ते जमिनीतून झपाट्याने नत्र, म्हणजे नायट्रोजन, उचलते, आणि त्या काळात नत्र कमी पडले तर खालची पाने टोकापासून मधल्या शिरेच्या बाजूने आत पिवळी पडत जातात व कणसाचा शेंडा दाण्यांविना राहतो. म्हणून शेणखत किती गाड्या टाकले, एवढ्याने भागत नाही. ते कसे साठवले आणि केव्हा मातीत मिसळले, यावर माझ्या मते अधिक अवलंबून असते.

चांगल्या कुजलेल्या शेणखतात साधारण 0.5 टक्का नत्र असते, म्हणजे हेक्टरी 10 टन खतातून सुमारे 50 किलो. यातला जेमतेम तिसरा हिस्सा पहिल्या हंगामात पिकाला मिळतो, बाकीचा पुढच्या पिकांसाठी जमिनीत राहतो. त्यामुळे संकरित मक्याला एवढ्या शेणखताच्या जोडीला रासायनिक नत्र द्यावेच लागते. कोंबडीखतात नत्र कितीतरी जास्त असते आणि ते लवकर लागू पडते, पण ताजे कोंबडीखत बियाण्याजवळ पडले तर त्यातल्या अमोनियाने कोंब जळतात.

खरे नुकसान होते ते उकिरड्यावर. जनावराच्या मूत्रात नत्राचा मोठा वाटा असतो आणि तोच आपण गोठ्यातून वाहू देतो. जनावरांखाली काडीकचरा अंथरून मूत्र शोषून घ्यावे, खत खड्ड्यात ओलसर ठेवावे आणि वरून मातीने झाकावे, नाहीतर उन्हात अमोनिया उडून जातो आणि पावसात उरलेले सत्त्व वाहून जाते. ढीग आतून 55 ते 60 अंश सेल्सिअसपर्यंत तापला की तणांचे बी बरेचसे मरते. अर्धवट कुजलेल्या, काडीकचऱ्याच्या खताचे उलटे होते: ते कुजवणारे जिवाणू जमिनीतलेच नत्र ओढून घेतात, रोपे पिवळी पडतात, शिवाय हुमणी, म्हणजे मुळे खाणारी अळीही, शेतात येते.

पेरणीपूर्वी दोन-तीन आठवडे, शेवटच्या वखरपाळीच्या, म्हणजे वखराने माती भुसभुशीत करण्याच्या वेळी खत पसरावे आणि त्याच दिवशी मातीत मिसळावे. शेतात आठवडाभर उन्हात पडलेले खताचे ढीग पाहिले की मला फार वाईट वाटते, कारण वर्षभराच्या कष्टाचे नत्र तिथे हवेत जात असते.

या हंगामात शेताच्या कडेला चार ओळी शेणखताविना ठेवा, आणि कापणीच्या वेळी दोन्हीकडची कणसे शेंड्यापर्यंत भरली आहेत का, ते सोलून पाहा.