मॅन पेज सक्तीचे कधी असावे?

बेळगावच्या उद्यमबागेत ओतकामाचे कारखाने आणि लेथ, सीएनसी यंत्रांची छोटी वर्कशॉप शेजारी शेजारी उभी आहेत. अशा वर्कशॉपमधल्या लिनक्स संगणकावरून सुट्या भागांची ड्रॉइंग दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवायची असतील, तर 'आरसिंक' हा प्रोग्राम हाताशी असतो. तो पडद्यावर आज्ञा टंकून चालवायचा असतो. मूळ फोल्डरच्या नावाच्या शेवटी तिरकी रेघ दिली, तर केवळ आतल्या फाइली उतरतात. रेघ राहून गेली, तर अख्खा फोल्डरच तिकडे जाऊन बसतो. सोबत 'डिलीट' हा पर्याय असेल, तर मूळ ठिकाणी नसलेल्या फाइली नकलेतूनही पुसल्या जातात, आणि मूळ म्हणून नजरचुकीने रिकामा फोल्डर दिला गेला, तर वर्षानुवर्षे जपलेल्या ड्रॉइंगांची नक्कल नाहीशी होते. रेघेचा अर्थ, पुसण्याचा धोका आणि आधी 'ड्राय रन', म्हणजे काहीही न बदलता नुसती चाचणी, करून पाहण्याची सोय, हे सारे आरसिंकच्या मॅन पेजमध्ये, म्हणजे प्रोग्रामसोबत संगणकावरच येणाऱ्या मार्गदर्शक पानात, लिहिलेले आहे.

ही प्रथा जुनी आहे. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी सिद्ध केलेल्या युनिक्स या संगणक प्रणालीच्या पहिल्या मार्गदर्शिकेवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. तिच्यात प्रोग्रामचे ठाऊक असलेले दोषही 'बग्ज' या मथळ्याखाली नोंदवलेले आहेत, आणि हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

इयान मर्डॉक यांनी १९९३ साली सुरू केलेल्या, लिनक्स आणि त्यावरच्या प्रोग्रामांचा एकत्र संच म्हणजे 'वितरण' बनवणाऱ्या डेबियन प्रकल्पाची नियमावली सांगते, की प्रत्येक प्रोग्रामला मॅन पेज असावे. ते नसणे हा दोष मानावा आणि योग्य पान मिळेपर्यंत त्याची नोंद बंद करू नये. मात्र तिथे शब्द 'असावे' असा आहे, 'असलेच पाहिजे' असा नाही, त्यामुळे केवळ पान नाही म्हणून प्रोग्राम वितरणाबाहेर राहत नाही.

स्वतःपुरत्या लिहिलेल्या स्क्रिप्टला पानाची सक्ती नको. पण जो प्रोग्राम दुसऱ्याच्या संगणकावर पोहोचतो आणि नाव टंकताच चालू होतो, त्याला पान हवेच. आणि जो फाइली पुसतो, डिस्कवर थेट लिहितो किंवा रूटच्या, म्हणजे संगणकाच्या सर्वाधिकारी खात्याच्या, अधिकाराने चालतो, त्याला पानाशिवाय वितरणात प्रवेशच मिळू नये. माहिती संकेतस्थळावर आहे, हे उत्तर पुरेसे नाही. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला वीज आणि नेटवर्क गेले, की लॅपटॉपच्या बॅटरीवर काम करणाऱ्याला डिस्कवर असलेले पानच काय ते उपयोगी पडते.

बहुतेक काम स्वयंसेवकांचे असते, तेव्हा सक्ती केल्यास ते दूर जातील, हा आक्षेप खरा आहे. त्यावर एक उपाय सांगितला जातो: 'हेल्पटूमॅन' हे साधन वापरून प्रोग्रामच्या मदतीच्या ओळींचे पान आपोआप तयार होते. त्यात पर्यायांची नावे येतात, पण कोणता पर्याय केव्हा घातक ठरतो, हे त्या ओळींत नसेल तर पानातही येत नाही. ते प्रोग्राम वापरून पाहिलेल्या माणसानेच लिहावे लागते, आणि पान मूळ लेखकानेच लिहिले पाहिजे असा कुठलाही नियम नाही. बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत दरवर्षी विद्यार्थ्यांना प्रकल्प द्यावे लागतात. पान नसलेला एक प्रोग्राम निवडून, त्याचा प्रत्येक पर्याय चालवून पाहून, त्याचे पान लिहून डेबियनकडे पाठवणे, हा त्यांतला एक प्रकल्प खुशाल असावा.