भाकरी निम्मी झाली, आता दही कुठलं?

[दृश्य: अमळनेर तालुक्यातलं एक गाव. ओट्यावर दुधाची कॅन, चुलीवर पातेलं.]

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45च्या घरात जातो, तेव्हा खानदेशात दही लावायला काही कौशल्य लागत नाही. सकाळी विरजलेलं दुपारच्या पंगतीला घट्ट होतं आणि संध्याकाळी बघावं तर आंबटढाण. कस लागतो तो थंडीत. तापीकाठच्या गावांत डिसेंबरची रात्र गारठली, की सकाळी सासूबाईंचा पहिला प्रश्न असतो, "दही लागनं का वं?"

या घरात मात्र सध्या वेगळा प्रश्न आहे. सुनेच्या रक्तातली साखर वाढली, डॉक्टरांनी कर्बोदकं कमी करायला सांगितली. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी निम्म्यावर आली. केळी बंद झाली. चोपडा, यावल, रावेर हे केळीचे तालुके याच जिल्ह्यात असताना केळी बंद करणं म्हणजे काय, ते इथल्याच माणसाला कळेल. पण एका मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम कर्बोदकं असतात, त्याला इलाज नाही. मग वांग्याच्या भरताबरोबर ताटात आलं दही.

[दृश्य: दुकानातला फ्रीज. डबे फिरवून मागचा तक्ता वाचणारा हात.]

डब्यावर पुढे काय लिहिलंय ते सोडून द्या. डबा फिरवा. साध्या दह्यात 100 ग्रॅममागे कर्बोदकं साधारण 4 ते 5 ग्रॅम असतात. आंबा किंवा स्ट्रॉबेरी चवीच्या दह्यात हाच आकडा दहा-बाराच्या पुढे जातो, कारण वरून साखर घातलेली असते. ती 'अ‍ॅडेड शुगर'च्या ओळीत सापडते. 'लो फॅट' या शब्दाला तर फारच मान मिळतो. साय काढल्यावर दही पातळ होतं. ते घट्ट करायला काही ठिकाणी दुधाची पावडर घालतात, आणि साय काढलेल्या दुधाच्या पावडरीत निम्म्याच्या आसपास लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखरच असते. साखर कमी करायला निघालेल्या माणसानं साय टाकून पावडर खाणं हा आतबट्ट्याचा व्यवहार झाला. घटकांच्या यादीत 'दुधाचे घनपदार्थ' (मिल्क सॉलिड्स) दिसले, की कर्बोदकांचा आकडा पुन्हा एकदा बघा.

आता एक गैरसमज. आंबलं म्हणजे साखर संपली, असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात. विरजणातले जिवाणू लॅक्टोज खाऊन त्याचं लॅक्टिक आम्ल करतात, हे खरं. पण आंबटपणा एका मर्यादेपलीकडे गेला, की त्याच आम्लात त्यांचं काम मंदावतं. दुधातल्या साखरेचा साधारण पाव ते तिसरा हिस्सा जातो, बाकीची दह्यात राहते. डब्यावरचा आकडा बहुधा वजाबाकीनं काढलेला असतो. एकूण वजनातून पाणी, प्रथिनं, चरबी आणि राख (म्हणजे खनिजं) वजा केली, की उरलं ते कर्बोदक. त्यामुळे तयार झालेलं आम्लही त्याच रकान्यात जातं आणि आकडा थोडा फुगतो. थोडाच. त्या भरवशावर वाडगंभर दही चापू नये.

[दृश्य: दूध उकळतंय. पातेल्यात करंगळी.]

घरचं दही लावताना म्हशीचं दूध, सायीसकट. चांगली उकळी येऊ द्यायची. त्या उष्णतेनं दुधातली प्रथिनं उलगडतात आणि दही घट्ट लागतं. मात्र दूध आटवत बसू नका. पाणी उडतं, साखर मागे राहते. दूध करंगळीला सोसेल इतकं कोमट झालं, की लिटरला चमचाभर विरजण पुरतं. विरजण जास्त घातलं, तर दही लवकर आंबतं आणि पाणी सोडतं. घरात विरजण नसेल, तर देठासकट हिरवी मिरची दुधात टाकतात. मिरचीला खानदेशात तोटा नाही. देठावरचे जिवाणू काम करतात, पहिलं दही जरा विस्कळीत लागतं, दुसऱ्या खेपेला सुधारतं. थंडीत पातेलं गोधडीत गुंडाळायचं आणि रात्रभर हलवायचं नाही.

[दृश्य: मलमलचं फडकं खुंटीला टांगलेलं. खाली पातेल्यात हिरवट-पिवळं पाणी.]

हा चक्का. चक्का म्हटलं की आपल्याला श्रीखंडच आठवतं, पण त्यात चक्क्याच्या बरोबरीनं साखर पडते, त्यामुळे या ताटात ते बसत नाही. बाजारात ग्रीक योगर्ट नावानं महाग मिळतं, तेही असंच पाणी काढून घट्ट केलेलं दही. रात्रभर टांगलं, की किलोभर दही निम्म्यावर येतं. लॅक्टोज पाण्यात विरघळलेलं असतं, म्हणून तेही निम्म्याच्या आसपास निथळून जातं. पण हिशोब नीट करा. 100 ग्रॅम चक्क्यातली साखर 100 ग्रॅम दह्यापेक्षा थोडीशीच कमी असते. वाढतात ती प्रथिनं, जवळपास दुप्पट. त्यामुळे अर्ध्या वाटीत पोट भरतं, आणि खरी बचत तिथे होते. चक्क्यात भाजलेल्या मिरचीचा ठेचा, लसूण, मीठ, शेंगदाण्याचा कूट. सून म्हणते, याच्यापुढे भाकरीची आठवण येत नाही. सासूबाईंना ते पटलेलं नाही.

ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी भाकरी कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगायचं. औषध तेवढंच राहिलं आणि जेवण घटलं, तर साखर एकदम खाली येऊ शकते.

[दृश्य: परातीत ज्वारीचं पीठ.]

फडक्याखालचं पाणी फेकायचं नाही. गेलेली साखर त्यातच आहे, म्हणून ते सुनेसाठी नाही. बाकीच्यांच्या भाकरीचं पीठ त्यात मळतात, आंबूस चव छान लागते. आणि उद्याचं विरजण दही फडक्यात ओतण्याआधीच काढून ठेवायचं, कारण चक्का झाला की घरातला प्रत्येक जण वाटी घेऊन उभा असतो.