वर्दी

भायखळा. मुंबई अग्निशमन दलाचा नियंत्रण कक्ष.

पलीकडचा माणूस ओरडतोय, ‘शिवाजी नगरात आग लागलीय, लवकर या!’ एवढं बोलून तो फोन ठेवून देतो. कुठलं शिवाजी नगर? गोवंडीचं, की आणखी कुठलं? म्हणून तो फोनवर असतानाच खूण काढून घ्यायची. जवळ शाळा कुठली, देऊळ कुठलं, गल्लीत बंब शिरेल का. ठिकाण कळलं की जवळच्या केंद्राला वर्दी, म्हणजे आगीची खबर, देऊन टाकायची. कितवा मजला, आत कोण अडकलंय, हे गाडी निघाल्यावर वायरलेसवरून. सगळं लिहून घेऊ आणि मग कळवू, असं इथे चालत नाही.

नव्या गाड्यांचे, उंच शिड्यांचे फोटो पेपरात येतात. वर्दी घेणाऱ्या या टेबलाचा फोटो कुणी छापत नाही.

१४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीतलं ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज. पोटात कापसाच्या गाठी आणि सुमारे १,४०० टन स्फोटकं. दुपारी धूर दिसला. धक्क्यावरच्या पंपाच्या प्रमुखाने एका जवानाला पिटाळलं: कंट्रोलला फोन कर, ‘नंबर टू’ सांग. नंबर टू म्हणजे आग मोठी, जादा कुमक पाठवा. तो पळत फोनपाशी गेला. फोनला डायलच नाही. लावायचा कसा? शेवटी त्याने आगीच्या इशाऱ्याची काच फोडली. इशारा पोचला, पण काच फोडून आग लागल्याचं कळतं, केवढी लागलीय ते कळत नाही. रिवाजाप्रमाणे दोनच बंब निघाले. नंबर टूची वर्दी गेली ती नंतर.

त्या दिवशी जहाजावर आणि गोदीत याहून मोठ्या चुका झाल्या, तो विषय वेगळा. ४ वाजून ६ मिनिटांनी जहाज फुटलं. दलाचे ६६ जवान गेले. दर १४ एप्रिलला त्यांना मानवंदना दिली जाते.

आता आगीसाठीच्या १०१ च्या जोडीला ११२ हा सगळ्या आणीबाणीसाठीचा क्रमांक आहे. ११२ चा फोन नवी मुंबईत महापेला किंवा नागपूरला उचलला जातो आणि आगीचा असेल तर पुढे अग्निशमन दलाकडे येतो. म्हणजे मध्ये आणखी एक माणूस आला. त्याने विचारलेली खूण आणि त्याच्या पडद्यावर उमटलेलं ठिकाण त्याच क्षणी इथल्या पडद्यावर दिसायला हवं. घाबरलेल्या माणसाला तेच प्रश्न दुसऱ्यांदा विचारण्याची पाळी येता कामा नये.